गाडी रात्रीत बसते? एअर सस्पेन्शनचं लीकेज आणि आवाज स्वतः कसे शोधायचे

सकाळी गाडीपाशी जावं तर मागचा एक कोपरा खाली, कुत्रं एक पाय मुडपून बसतं तशी गाडी बसलेली. चावी फिरवली की हवा भरणारा कॉम्प्रेसर घरघरतो, दोन मिनिटांत गाडी पुन्हा सरळ उभी राहते, आणि आपण ऑफिसला जायच्या गडबडीत ते विसरून जातो. असं महिना दोन महिने चालतं आणि मग एक दिवस गाडी उठतच नाही. तेव्हा सगळे म्हणतात "कॉम्प्रेसर गेला". गेलेला असतोच, पण तो मेला कशाने ते कुणी बघत नाही. मीही नाही बघितलं. नवा कॉम्प्रेसर टाकला, गाडी मस्त उठली, मी खूष, आणि काही महिन्यांत तोही तसाच तापून गेला, कारण सस्पेन्शनच्या रबरी बॅगची चीर जिथे होती तिथेच होती. तेव्हा पहिल्यांदा हात घालणाऱ्यांसाठी एकच गोष्ट आधी सांगतो, लीकेज सापडल्याशिवाय कॉम्प्रेसर विकत घ्यायचा नाही.

आधी आत काय काय आहे ते

स्प्रिंगच्या जागी रबराची पिशवी असते, तिला बॅग किंवा बेलो म्हणतात (स्टिअरिंगमधून फुटते ती एअरबॅग वेगळी, दुकानात विचारताना हा घोळ नेहमी होतो). कॉम्प्रेसर बाहेरची हवा फिल्टरमधून ओढतो, ती ड्रायरमधून जाते, ड्रायरमध्ये ओल शोषणारे सिलिका जेलसारखे दाणे असतात, तिथून व्हॉल्व्ह ब्लॉकला (प्रत्येक कोपऱ्याची हवा सोडणारे-अडवणारे व्हॉल्व्ह इथेच असतात) आणि ब्लॉकमधून बारीक नायलॉनच्या नळ्यांनी प्रत्येक कोपऱ्याला. बऱ्याच गाड्यांत हवा साठवायला टाकी असते, काहींत नसते. प्रत्येक चाकापाशी उंची मोजणारा सेन्सर असतो, त्याची एक छोटी दांडी खालच्या आर्मला (चाक धरून वर-खाली हलणाऱ्या दांड्याला) जोडलेली असते, आणि हे सगळं ईसीयू, म्हणजे सस्पेन्शनचा छोटा कॉम्प्युटर, बघत असतो. बॅगमध्ये प्रेशर गाडीप्रमाणे साधारण ५ ते १० बार, टाकीत १५ बारच्या आसपास. टायरमध्ये दोन सव्वादोन बार असतं, त्यावरून अंदाज घ्या.

आता एक बारकावा. गाडी खाली घेताना ब्लॉकमधली कोरडी हवा उलटी ड्रायरमधूनच बाहेर जाते आणि जाताना दाण्यांमधली ओल घेऊन जाते, म्हणजे ड्रायर स्वतःच स्वतःला वाळवतो. पण लीकेज असलं की हवा भोकातून पळते, ड्रायरकडे परत येतच नाही, आणि कॉम्प्रेसर मात्र नवी दमट हवा भरतच राहतो. दाणे भिजतात, त्यांचा भुगा होतो, तो भुगा आणि पाणी व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये जातं, व्हॉल्व्ह नीट बसेनासे होतात, थंडीत तेच पाणी आत गोठतं. एका चिरेने सगळी सिस्टीम अशी आजारी पडते, म्हणून "थोडीशीच तर बसते" असं म्हणत वर्ष काढू नका.

ही कटकट काही आजची नाही. कॅडिलॅकने १९५७ मध्ये एल्डोराडो ब्रोहमला एअर सस्पेन्शन दिलं होतं, आणि गळतीला वैतागून कित्येक मालकांनी त्या काळीच साध्या कॉइल स्प्रिंग बसवून घेतल्या. आजही काही जण तोच सल्ला देतात, माझं मत विचाराल तर बॅग आणि एखादी ओ-रिंग (जोडातून हवा गळू न देणारी रबरी रिंग) बदलून भागत असेल तर गाडीचा आराम घालवू नका. आणि हो, १९५५ च्या सित्रोएन डीएससारख्या गाड्या वेगळ्या, त्यांच्यात तेल आणि गॅसचे गोळे असतात, हा लेख त्यांच्यासाठी नाही.

हात घालायच्या आधी

हे वाचल्याशिवाय खाली सरकू नका. नुसत्या हवेवर उभी असलेली गाडी कधीही, कुठल्याही क्षणी खाली येऊ शकते, दार उघडलं म्हणून, कुणी चावी दाबली म्हणून, किंवा ईसीयूच्या मनात आलं म्हणून. त्यामुळे गाडीखाली डोकं घालायचं असेल तर बॉडीला पक्के स्टँड लावलेले पाहिजेत, नुसता जॅक चालत नाही. चाक आणि मडगार्डच्या मधल्या फटीत हात घालतानाही तेच, गाडी बसली तर बोटं तिथेच राहतात. बऱ्याच गाड्यांत जॅक मोड किंवा टायर बदलायचा मोड असतो, तो चालू करा, नाहीतर जॅक लावल्यावर सिस्टीम गोंधळते आणि हवा सोडायला लागते. नळी उघडायच्या आधी त्या कोपऱ्याची हवा काढा आणि डोळ्यांवर चष्मा ठेवा, १० बारने उडालेला मातीचा कणसुद्धा डोळ्याला पुरेसा आहे. काढलेल्या किंवा लोंबकळणाऱ्या बॅगला "बघू तरी फुगते का" म्हणून हवा मारू नका, वजन नसताना ती पिस्टनवरून (बॅगचं खालचं टोक ज्या नळकांड्यावर बसतं त्यावरून) सुटून बंदुकीच्या गोळीसारखी उडू शकते.

पायरी १: टेप घ्या आणि मोजा

डोळ्याला गाडी सरळच दिसते, डोळ्यावर विश्वास ठेवू नका. सपाट जागा बघा, गाडी नेहमीच्या उंचीवर आणा, दारं लावा, आणि चारही चाकांना चाकाच्या मध्यबिंदूपासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंत मिलिमीटरमध्ये माप घ्या. जमिनीपासून मोजू नका, टायरमधली हवा कमीजास्त असली की आकडा फसवतो. कागदावर लिहा, वेळ लिहा. मग तासाने, चार तासांनी, आणि सकाळी पुन्हा.

इथे नवखे लोक हमखास फसतात ते असं. कित्येक गाड्या बंद असतानाही अधूनमधून जाग्या होतात, चारही उंच्या बघतात, आणि एक कोपरा खाली गेलेला दिसला की बाकीचे तीनही त्याच्या पातळीला आणतात, वर नाही बरं का, खाली, कारण इंजिन बंद असताना कॉम्प्रेसर चालवून बॅटरी संपवायची नसते. म्हणजे गळतंय एकच, पण सकाळी चारही बसलेले, आणि तुम्ही म्हणता सगळ्याच बॅग गेल्या. म्हणून संध्याकाळचं माप घेतल्यावर सस्पेन्शनचा फ्यूज काढून ठेवा. कुठला फ्यूज ते गाडीच्या पुस्तकात किंवा फ्यूजबॉक्सच्या झाकणावर असतं. फ्यूज नसला की व्हॉल्व्ह बंदच राहतात आणि ज्याचं लीकेज तोच कोपरा बसतो.

अजून एक, हवा थंड झाली की आकसते. संध्याकाळी ३० अंश आणि पहाटे १० अंश असेल तर नुसत्या तापमानाने हवेचं आकारमान सहा-सात टक्के कमी होतं, म्हणजे चारही कोपरे थोडे थोडे खाली येणारच, ते लीकेज नाही. लीकेज म्हणजे एकाचा आकडा बाकीच्यांना सोडून पळतो.

एका रात्रीत काही सापडलं नाही तर दुसऱ्या रात्री गाडी वरच्या उंचीवर ठेवून तेच करा. बॅगचं रबर पिस्टनवर दुमडलेलं असतं आणि उंची बदलली की घडी सरकते, त्यामुळे नेहमीच्या उंचीला घडीत लपलेली चीर गाडी वर केल्यावर उघडी पडते, किंवा उलट. "कधी बसते, कधी बसत नाही" या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असतं.

पायरी २: कागद वाचा

एकच कोपरा खाली गेला तर संशय त्या बॅगवर, तिच्या नळीवर, किंवा ब्लॉकमधल्या तिच्या व्हॉल्व्हवर. एकाच एक्सलचे दोन्ही कोपरे सारखेच खाली गेले तर आधी ब्लॉक बघा, दोन बॅग एकाच वेगाने फाटणं कमी वेळा घडतं. एक कोपरा खाली आणि शेजारचा तेवढाच वर, तर आतल्या आत एका बाजूची हवा दुसरीकडे जातेय, हाही ब्लॉकच. गाडी रात्रभर एक मिलिमीटरही हलली नाही पण सकाळी कॉम्प्रेसर लांबच लांब चालतो, तर टाकी किंवा टाकीची नळी गळतेय किंवा कॉम्प्रेसरच दमलाय.

आणि गाडी चालू केल्या केल्या वाकडी उभी राहते, हळूहळू नाही, लगेच, आणि तशीच राहते, तर हवेला दोष देऊ नका. सेन्सरची दांडी निघालेली, वाकलेली किंवा गंजून अडकलेली असते, बिचाऱ्या ईसीयूला वाटतं आपण बरोबर उभे आहोत. दांडीच्या टोकाची गोटी बोटाने हलवून बघा, दोन मिनिटांचं काम आहे.

पायरी ३: साबणाचं पाणी

पंक्चरवाला ट्यूब पाण्यात बुडवतो, आपण गाडी बुडवू शकत नाही म्हणून पाणी गाडीवर. स्प्रेच्या बाटलीत पाणी आणि त्याच्या दहाव्या हिश्शाइतका भांडी घासायचा लिक्विड साबण, हलक्या हाताने मिसळा. बाटली खळखळ हलवली की पहिल्यापासूनच फेस येतो आणि मग कुठला फेस साबणाचा आणि कुठला हवेचा ते कळत नाही. गाडी वरच्या उंचीवर घ्या, स्टँड लावा, बॅगवरची माती आधी नुसत्या पाण्याने धुवा, आणि मग भिजवा. वायरिंगच्या कनेक्टरवर मारू नका.

भिजवून झालं की लगेच पुढे पळू नका. मोठं लीकेज लगेच भुरभुरतं, पण गाडीला रात्रभरात बसवणारं लीकेज फार हळू असतं. माझ्या गाडीत मागच्या बॅगच्या घडीत टॉर्च धरून बसलो होतो, मिनिटभर काहीच नाही, मग रबरावरच्या एका केसाएवढ्या रेघेवर पांढरा ठिपका आला, डोळ्यासमोर वाढत वाढत कापसाच्या बोंडाएवढा झाला. बुडबुडे असे वेगळे दिसतच नव्हते, नुसता घट्ट बारीक फेस. बाकी रबर नवीन असल्यासारखं काळंभोर. त्या रेघेवर बोट ठेवलं तर बोटाला काही म्हणजे काही कळत नव्हतं, आणि एवढ्याशा रेघेने दोन कॉम्प्रेसर खाल्ले होते.

कुठे कुठे मारायचं ते क्रमाने, पहिली बॅगची खालची घडी पूर्ण गोल फिरून, आतली बाजू सोडू नका कारण माती तिथेच साचते आणि रबर तिथेच झिजतं. मग बॅग जिथे धातूच्या रिंगने आवळलेली असते त्या वरच्या आणि खालच्या कडा. मग नळी बॅगमध्ये शिरते ते फिटिंग. मग नळी जिथे जिथे चॅसीला किंवा दुसऱ्या पाइपला घासत असेल तिथे. मग टाकीचे जोड आणि गंजलेले डाग. शेवटी ब्लॉकवरची सगळी फिटिंग, हे बाहेरूनच.

ज्या गाड्यांत बॅग आणि शॉक ॲब्सॉर्बर एकत्र असतो, म्हणजे स्ट्रट, तिथे रबर ॲल्युमिनियमच्या नळकांड्यात आणि बूटात, म्हणजे धूळ अडवणाऱ्या रबरी आवरणात, लपलेलं असतं. अशा वेळी बूटाच्या खालच्या कडेला साबण मारा, आत गळत असेल तर हवा तिथूनच बाहेर येते. बूटाची क्लिप सोडवून वर सरकवता आला तर अजून चांगलं. बॉनेट उघडून स्ट्रटच्या वरच्या टोकाचं फिटिंगही भिजवा, कित्येकदा स्ट्रट ठणठणीत असतो आणि फक्त ते फिटिंग सुटलेलं असतं.

पायरी ४: साबणाला सापडलं नाही तर

मग दोष ब्लॉकच्या पोटात असण्याची शक्यता मोठी. एक्झॉस्टची नळी (सस्पेन्शनची हवा बाहेर सोडणारी, इंजिनच्या धुराची नव्हे) कुठे उघडते ते शोधा, तिला एक लांब रबरी नळी जोडा आणि तिचं टोक ग्लासभर पाण्यात बुडवून ठेवा, अगदी वरवर, बोटाच्या पेराएवढं. गाडी बंद, फ्यूज काढलेला, आणि तरी पाण्यात बुडबुडे येतायत, तर कोपऱ्याचा व्हॉल्व्हही नीट बसत नाहीये आणि पुढचा एक्झॉस्टचा व्हॉल्व्हही. बघून झालं की नळी लगेच काढा, नाहीतर पाणी आत ओढलं जाईल.

पक्की खात्री करायची तर नळ्यांची अदलाबदल. हवा काढून ब्लॉकवरच्या दोन कोपऱ्यांच्या नळ्या एकमेकांच्या जागी लावा, आणि पुन्हा रात्रभर मोजा. बसणारा कोपरा तोच राहिला तर बॅग किंवा नळी दोषी. आता दुसरा कोपरा बसायला लागला तर व्हॉल्व्ह दोषी. फक्त एक लक्षात ठेवा, नळ्या उलट्या असताना गाडीला उंची नीट करता येत नाही, ती डावं वर करायला जाईल आणि उजवं उठेल. म्हणून एकाच एक्सलच्या दोन नळ्या बदला, हवा भरायची ती स्कॅनरने (ईसीयूला जोडायच्या यंत्राने) एकेक कोपऱ्याला हुकूम देऊन, भरून झालं की फ्यूज काढायचा, आणि अशी गाडी रस्त्यावर न्यायची नाही.

स्कॅनरचा विषय निघालाच आहे तर, नुसता इंजिनचे कोड वाचणारा स्वस्तातला उपयोगाचा नाही, सस्पेन्शनच्या ईसीयूशी बोलणारा लागतो. त्यात चारही उंच्या आणि प्रेशर लाइव्ह दिसतं, आणि एकेक व्हॉल्व्ह उघडता येतो. प्रेशर हळू चढतंय असा कोड आला की लोक थेट कॉम्प्रेसर मागवतात, पण तो कोड फक्त "वेळेत भरलं नाही" एवढंच सांगतो, भरणारा दमला की भांडं गळकं ते सांगत नाही.

पायरी ५: दुरुस्ती

नळी आणि फिटिंगचं काम सगळ्यात सोपं आणि सगळ्यात जास्त बिघडवलं जाणारं. हवा पूर्ण काढा. फिटिंगची गोल कॉलर आत दाबून नळी सरळ ओढायची असते, काही गाड्यांत पितळी आट्यांचं फिटिंग असतं ते पान्याने सोडवायचं. नळीच्या टोकावर उभी रेघ किंवा ओरखडा असेल तर ओ-रिंगला तिथे पकड मिळत नाही, तेवढं टोक कापून टाका, सेंटिमीटरभर पुरतं. कापताना पक्कड किंवा कात्री वापरू नका, नळी चपटी होते, नळी कापायचा कटर घ्या नाहीतर कोरं ब्लेड, आणि काटकोनात सरळ. जुनी नळी जिथपर्यंत आत होती तिथपर्यंतची खूण नव्या टोकावर मार्करने करा, मग खूण दिसेनाशी होईपर्यंत आत ढकला आणि हाताने ओढून बघा. बरेच जण अर्धवट ढकलतात, गाडी उभी राहते, आणि दोन दिवसांनी "दुरुस्तीच टिकली नाही" म्हणतात. मधेच घासून भोक पडलं असेल तर तो तुकडा कापून त्याच मापाचा जॉइनर टाका, वर टेप गुंडाळू नका. ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीस चालतं, साधं पेट्रोलियम ग्रीस लावलं की काही प्रकारचं रबर फुगून मऊ होतं.

बॅग फाटली तर बदलायचीच. पॅच, गोंद, टायरमध्ये ओततात तो सीलंट, सगळं विसरा. बॅगच्या रबरात दोऱ्यांचे थर असतात आणि ती घडी दर खड्ड्याला वर-खाली लोळते, तिथे पॅच टिकणार नाही, आणि सीलंट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये पोचला तर तोही गेला. एका बाजूची वयाने गेली असेल तर दुसऱ्या बाजूची पण त्याच वयाची आहे, जमलं तर जोडीनेच बदला.

बदलताना खरी परीक्षा शेवटी असते. गाडी स्टँडवर, चाक लोंबकळतंय, नवी बॅग बसली, नळी लागली, आणि आता घरी जायची घाई. अशा वेळी जॅक सोडून गाडीचं वजन रिकाम्या बॅगवर टाकलं की बॅग वेडीवाकडी दुमडते, तिला सुरकुती पडते, आणि पहिल्याच दिवशी ती फाटू शकते. तर काय करायचं, चाकाखाली किंवा आर्मखाली जॅक लावून सस्पेन्शन नेहमीच्या उंचीच्या जवळ आणा, स्कॅनरने बॅगमध्ये थोडी हवा भरा, घडी सगळीकडून सारखी गोल झालीय का ते हाताने चाचपून बघा, मग थोडं वजन, मग थोडी हवा, असं आळीपाळीने करत खाली यायचं. अर्धा तास लागतो. लागू द्या.

आर्मचे बोल्ट सोडले असतील तर ते लोंबकळत्या चाकाला पक्के आवळू नका. आर्मच्या सांध्यातला रबरी बुश ज्या कोनात आवळाल तो त्याचा आरामाचा कोन, म्हणजे गाडी खाली आली की तो कायम पिळलेला राहतो, कुरकुरतो आणि लवकर तुटतो. नेहमीच्या उंचीला आणूनच शेवटचं पक्कं आवळायचं.

व्हॉल्व्ह ब्लॉक उघडून साफ करता येतो, ओ-रिंगचे किटही मिळतात, पण आत पांढरा भुगा किंवा हिरवट गंज दिसला तर साफ करून फार दिवस चालत नाही असा माझा अनुभव. कॉम्प्रेसरमध्ये बहुतेक वेळा पिस्टनची रिंग झिजलेली असते, ती आणि ड्रायरचे दाणे बदलून बरेच कॉम्प्रेसर पुन्हा उभे राहतात. नवा टाका किंवा जुना दुरुस्त करा, सोबत रिले (कॉम्प्रेसरची वीज चालू-बंद करणारा स्विच) नवा टाकायचाच, आणि फिल्टर बघायचाच. जुना रिले आत चिकटला की चावी काढली तरी कॉम्प्रेसर थांबत नाही. असा आवाज कधी ऐकलात तर विचार करत बसू नका, रिले किंवा फ्यूज उपटून काढा.

आवाज

आवाजाच्या बाबतीत आधी हे कळलं पाहिजे की बॅग स्वतः फार बोलत नाही. हवा उंची धरते, उड्या मारणं थांबवणारा शॉक ॲब्सॉर्बर वेगळा, आणि खडखड करणारे सांधे तर साध्या स्प्रिंगच्या गाडीत असतात तेच. पण गाडीला एअर सस्पेन्शन आहे म्हटलं की प्रत्येक आवाजाला तेच कारण सांगितलं जातं आणि महागडा स्ट्रट माथी मारला जातो.

गाडी बंद केल्यावर फुस्स, हे नॉर्मल. चालू करताना खालून टकटक एक-दोनदा, व्हॉल्व्ह उघडतायत, नॉर्मल. कॉम्प्रेसरची थोडी घरघरही नॉर्मल, पण ती सीटखालून अंगात शिरत असेल, सगळी बॉडी गुणगुणत असेल, तर कॉम्प्रेसरचे रबरी माउंट बसलेत किंवा त्याचा ब्रॅकेट बॉडीला टेकलाय, हाताने कॉम्प्रेसर हलवून बघा, माउंटवर तरंगल्यासारखा हलला पाहिजे. हळू चालताना, स्पीड ब्रेकरवर, कुर्रर्र असा कोरडा आवाज म्हणजे बुश किंवा स्ट्रटचं वरचं माउंट, कधीकधी बॅग आणि पिस्टनच्या मधे अडकलेली रेती, ती धुतली की गप्प. छोट्या छोट्या खड्ड्यांवर खटखट म्हणजे बहुतेक वेळा स्टॅबिलायझरची (डाव्या-उजव्या चाकांना जोडणाऱ्या आडव्या बारची) लिंक, नाहीतर बॉल जॉइंट, म्हणजे गोटीचा सांधा. मोठ्या खड्ड्यात धप्प, तर गाडी खाली चालतेय आणि बंपस्टॉपला (शेवटी धक्का अडवणाऱ्या रबरी ठोकळ्याला) आपटतेय, किंवा शॉक ॲब्सॉर्बर संपलाय.

एअर सस्पेन्शनचा एक फायदा इथे घ्या, उंची बदलून बघा. तोच रस्ता, तोच वेग, एकदा नेहमीच्या आणि एकदा वरच्या उंचीला. आवाज बदलला किंवा गेला तर आर्मच्या कोनाशी त्याचा संबंध आहे, म्हणजे बुश, बॉल जॉइंट, लिंक. काहीच बदललं नाही तर ब्रेकचा कॅलिपर, गाडीखालचा अंडरट्रे, सैल झालेलं हीटशील्ड असलं काहीतरी बघा, सस्पेन्शन उघडायच्या आधी.

लिंक तपासताना एक चाक जॅकवर उचललं की स्टॅबिलायझर बार पिळला जातो, लिंकवर ताण येतो आणि तिचा ढिलेपणा लपतो. मेकॅनिक हलवून बघतो, म्हणतो "एकदम टाइट आहे". लिंक बघायची ती दोन्ही चाकं सारख्या पातळीला असताना, गाडी रॅम्पवर चाकांवर उभी असताना, तेव्हा बार मोकळा असतो आणि झिजलेली लिंक हाताने खटखट वाजते.

माझ्याकडे असाच एक आवाज होता, पुढून डावीकडून, अगदी माझ्या पायाशी. दोन जणांनी डावा स्ट्रट सांगितला. शेवटी मित्राला गाडी बाजूने हलवायला लावली, एका लयीत, फार जोरात नाही, आणि मी रॅम्पखाली उभं राहून एकेका सांध्यावर दोन बोटं ठेवत गेलो. डावीकडे सगळं शांत. उजव्या लिंकच्या वरच्या गोटीवर बोट ठेवलं आणि प्रत्येक हेलकाव्याला बोटाला टिचकी मारल्यासारखं लागलं. आवाज लोखंडातून फिरत डाव्या पायाशी येत होता. कान फसतो, बोट सहसा फसत नाही. बोट पोचत नसेल तिथे हातभर रबरी नळीचं एक टोक कानाशी धरा, दुसरं सांध्यापाशी, डॉक्टरच्या स्टेथोस्कोपसारखं, हवेची बारीक सुसूसुद्धा त्यातून ऐकू येते. गाडी चालू ठेवून खाली हे करू नका.

पायरी ६: उंची परत शिकवा

सेन्सर, आर्म किंवा स्ट्रट बदलला असेल तर स्कॅनरने उंची कॅलिब्रेट करावी लागते. टायरची हवा बरोबर, जागा सपाट, डिकी रिकामी, आणि कंपनीच्या वर्कशॉप मॅन्युअलमध्ये दिलेला आकडा, अंदाजाने नाही. काही जण गाडी खाली दिसावी म्हणून मुद्दाम कमी उंची शिकवतात, मग बॅगची घडी चुकीच्या जागी झिजते, चाकांची अलाइनमेंट बिघडते, आणि बऱ्याच गाड्यांत हेडलाइटची पातळीही याच सेन्सरवरून ठरत असल्याने समोरच्याच्या डोळ्यांत उजेड जातो. कॅलिब्रेशन झालं की अलाइनमेंट एकदा बघून घ्या.

मग पुन्हा पहिल्या पायरीचं, टेप, कागद, फ्यूज काढा, रात्रभर थांबा. नवा कागद जुन्याशेजारी ठेवून बघा, चारही आकडे साधारण सारखेच खाली आले असतील आणि तेही काही मिलिमीटरच, तर काम झालं. दोन्ही कागद तारीख टाकून गाडीच्या कप्प्यात ठेवा, वर्षाने पुन्हा मोजाल तेव्हा लागतील. आणि सकाळी निघायच्या आधी फ्यूज परत लावा. मी एकदा विसरलो, डॅशबोर्डवर सस्पेन्शनचा पिवळा दिवा पेटला, मला वाटलं सगळी मेहनत वाया गेली, आणि चाक काढून अर्धी बॅग खोलली तेव्हा वरच्या खिशात फ्यूज सापडला.